पावसाळ्यातला ऑफ-सीझन आणि वाढत्या वयातला क्रिकेटपटू: स्ट्रेंथ ट्रेनिंगबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

उन्हाळी शिबिरं संपतात, मृगाचा पाऊस सुरू होतो आणि पालकांचे फोन वाढतात. ‘आता तीन महिने मोकळे आहेत, मुलाला जिम लावू का?’ हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. खालची उत्तरं साधारण १० ते १७ वर्षांच्या, प्रामुख्याने क्रिकेट खेळणाऱ्या मुलामुलींसाठी आहेत. वेगवान गोलंदाजांबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे, कारण या वयात सर्वात जास्त नुकसान त्यांचं होतं. एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगतो: स्ट्रेंथचा, म्हणजे ताकद वाढवण्याचा कार्यक्रम निवडताना आधी मुलाची वाढ आणि त्याचं वर्षभराचं वेळापत्रक बघा, व्यायामांची यादी नंतर.

आपल्याकडे ऑफ-सीझन नक्की कधी धरायचा?

महाराष्ट्रात मुलांचं क्रिकेट ढोबळमानाने ऑक्टोबर ते मे चालतं. जून ते सप्टेंबर मैदानं भिजलेली असतात, त्यामुळे हा काळ आपोआप मोकळा मिळतो. मुंबईचं मात्र तसं नाही. तिथे १९४८ पासून कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळवली जाते. तुमचा १६ वर्षांचा मुलगा क्लबकडून कांगा खेळत असेल, तर जुलै-ऑगस्ट हा त्याचा ऑफ-सीझन नाही. शिवाय शाळांच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा बऱ्याच ठिकाणी ऑगस्टपासूनच सुरू होतात. ज्या मुलाला क्रिकेट चांगलं येतं, त्यालाच शाळा कबड्डीत घेते आणि १०० मीटरलाही पळवते.

म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि सामने, निवड चाचण्या, परीक्षा, घरातली लग्नं असं सगळं त्यावर लिहा. सलग आठ ते बारा आठवडे सामने नसलेला पट्टा दिसला, तर तो ऑफ-सीझन. दिसलाच नाही, तर एखादी स्पर्धा सोडून तो तयार करावा लागेल. हे पालकांना जड जातं, पण वर्षाचे बारा महिने एकच खेळ खेळणाऱ्या मुलांना अतिवापराच्या दुखापती जास्त होतात.

या पट्ट्यातले पहिले दोन-तीन आठवडे बॅट-बॉल कपाटात ठेवा. मुलाला पोहू दे, सायकल चालवू दे, चिखलात फुटबॉल खेळू दे. स्ट्रेंथचा कार्यक्रम त्यानंतर सुरू करायचा.

वजन उचललं की उंची खुंटते, हे खरं आहे का?

नाही. हा प्रश्न बहुधा आजी-आजोबांकडून येतो आणि त्यामागे काळजी असते, म्हणून नीट उत्तर देतो.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीच्या कूर्चा असतात. हाडाची लांबी तिथे वाढते. जोरदार अपघातात या कूर्चेला इजा झाली, तर त्या हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, आणि भीतीचा उगम तिथे आहे. पण योग्य पद्धतीने, देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची कमी होते असं संशोधनात आढळलेलं नाही. अमेरिकेतल्या स्ट्रेंथ प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये हेच सांगितलं आहे.

दुसऱ्या बाजूनेही विचार करा. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा जमिनीकडून त्याच्या अंगावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या पाच-सहा पट किंवा त्याहूनही जास्त असतो. नेटमध्ये हे तो तासाभरात पन्नास वेळा करतो आणि ते आपण निर्धास्तपणे बघत बसतो. त्याच मुलाने आठ किलोचं डंबेल छातीशी धरून सावकाश बैठक मारली, की मात्र आपल्याला धास्ती वाटते.

जिममध्ये मुलांना दुखापती होतात, हेही खरं आहे. त्यांची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: पायावर पडलेली प्लेट, रॅकमध्ये अडकलेलं बोट, मित्रांसमोर लावलेली पैज. देखरेख असेल तर यातल्या बहुतेक टळतात.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

मूल सूचना ऐकून तशी हालचाल करू लागलं, की सुरुवात करता येते. बहुतेक मुलांमध्ये हे सात-आठ वर्षांच्या सुमारास जमतं. त्या वयात वजन नकोच. लोंबकळणं, रांगणं, उड्या, ढकलाढकलीचे खेळ पुरेसे असतात. वयात येण्याआधीही मुलांची ताकद व्यायामाने चांगली वाढते, फक्त स्नायू फुगलेले दिसत नाहीत, कारण ती वाढ मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांचा ताळमेळ सुधारल्याने होते. बारा वर्षांच्या मुलाचे दंड फुगत नाहीत म्हणून कार्यक्रम बदलायला निघालेले पालक मी पाहिले आहेत. थोडं थांबा.

मुलगा वर्षभरात एकदम उंच झाला. आता अडखळतो, पळणं बिघडलंय, गुडघे दुखतात म्हणतो. व्यायाम बंद करायचा का?

बंद करू नका, बदला. माझ्या मते कार्यक्रम निवडताना विचारायचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो फार कमी ठिकाणी विचारला जातो.

मुलींमध्ये साधारण १२ व्या आणि मुलांमध्ये साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास उंची सर्वात झपाट्याने वाढते. त्या काळात मुलगे वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतात. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मागून येतात, त्यामुळे मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताठ वाटतात. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो, त्याला ऑस्गुड-श्लाटर म्हणतात. टाचेच्या मागे दुखलं तर बहुधा सीव्हर्स असतो. दोन्ही वाढीबरोबर येतात आणि वाढ मंदावली की जातात, पण दुखत असताना उड्या आणि धावणं तसंच रेटलं तर महिनोन्महिने रेंगाळतात.

घरी उंची मोजत चला. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, सकाळी. सकाळी अशासाठी, की दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते. अनवाणी उभं करा, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवा, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याचं जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरा, त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढ दिसली, तर मूल झपाट्याच्या वाढीत आहे असं धरून चाला आणि ते आकडे प्रशिक्षकाला द्या.

या काळात काय बदलायचं? वजनं वाढवू नयेत, आहे तिथेच ठेवून हालचाल पुन्हा नीट शिकवावी. अंग नवं आहे, हात-पाय लांब झाले आहेत, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी सहज जमणारी बैठक आता वेडीवाकडी होते, आणि त्यात मुलाचा काही दोष नाही. उड्या आणि गोलंदाजी कमी करावी, एका पायावरचा तोल आणि पोट-पाठीची ताकद यांवर जास्त वेळ द्यावा.

आणखी एक. १६ वर्षांखालच्या संघात एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांचं शारीरिक वय दोन-तीन वर्षांनी सहज वेगळं असू शकतं. मिसरूड फुटलेल्या मुलाला दिलेला कार्यक्रम शेजारच्या किरकोळ मुलाला जसाच्या तसा देणं चूक आहे, दोघं एकाच इयत्तेत असले तरी.

वेगवान गोलंदाजासाठी कार्यक्रम वेगळा हवा का?

हो. त्याच्या बाबतीत पाठीचा विचार आधी.

तरुण वेगवान गोलंदाजांची ओळखीची मोठी दुखापत म्हणजे कमरेच्या मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर. ते एका फटक्यात होत नाही. चेंडू टाकताना कंबर मागे आणि बाजूला झुकते, त्याच क्षणी वळते, आणि पुढच्या पायातून मोठा जोर वर येतो. मणक्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा अरुंद भाग हे पुन्हा पुन्हा सोसतो आणि शेवटी त्याला चीर जाते. बहुधा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात, आणि गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कमरेत डावीकडे दुखतं ते यामुळे. विशीच्या आधी मणक्याचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं, म्हणून धोका जास्त.

ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स याचं उदाहरण मी पालकांना नेहमी देतो. नोव्हेंबर २०११ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, जोहान्सबर्गला पदार्पणाच्या कसोटीतल्या दुसऱ्या डावात त्याने सहा बळी घेतले आणि तो सामनावीर ठरला. पुढची कसोटी तो खेळला मार्च २०१७ मध्ये, रांचीला. मधल्या पाच वर्षांत पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने त्याला वारंवार बाहेर बसवलं. जसप्रीत बुमराहलाही पाठीमुळे २०२२ चा टी-२० विश्वचषक हुकला. या दोघांमागे उत्तमोत्तम डॉक्टर आणि ट्रेनर उभे होते. तुमच्या मुलाच्या पाठीमागे तुम्हीच आहात.

चांगल्या ऑफ-सीझन कार्यक्रमात गोलंदाजासाठी तीन गोष्टी दिसायला हव्यात. पहिली, गोलंदाजीला खरी सुट्टी, म्हणजे सलग काही आठवडे एकही चेंडू नाही, ‘फक्त हलक्या हाताने’ सुद्धा नाही. दुसरी, नितंब, मांडीची मागची बाजू आणि पोटाच्या कडेचे स्नायू यांची ताकद. तिसरी, चेंडूंची संख्या हळूहळू वाढवत गोलंदाजीत परतण्याचा लिहिलेला आराखडा. ताकद वाढली म्हणून कितीही ओव्हर टाकता येतील, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. ओव्हरची मर्यादा वेगळी पाळावीच लागते.

कमरेत एका बाजूला दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, मागे वाकल्यावर किंवा एका पायावर उभं राहून मागे झुकल्यावर वाढलं, तर मलम चोळत बसू नका. हाडांच्या किंवा खेळांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मूल वेगवान गोलंदाजी करतं हे त्यांना स्पष्ट सांगा. सुरुवातीच्या चिरा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाहीत. एमआरआय करायचा का, हे त्यांना विचारा.

बरं, पण कार्यक्रम निवडायचा कसा? चार ठिकाणी चौकशी केली, चारही जण चांगलंच सांगतात.

बोलण्यावरून ठरवू नका. एक सत्र बाजूला बसून बघण्याची परवानगी मागा. नाही म्हणाले, तर तिथेच विषय संपला.

बसल्यावर मुलांच्या उड्यांकडे लक्ष द्या. खोक्यावरून उडी मारून मुलं खाली उतरतात, तेव्हा पायांचा धप्प आवाज येतो का? गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात का? आणि झुकल्यावर प्रशिक्षक काय करतो? तो थांबवून, खोकं काढून, जमिनीवरच पुन्हा करायला लावत असेल तर माणूस चांगला आहे. ‘चल, अजून पाच’ म्हणत असेल तर मुलाचं नाव घालू नका.

पहिल्या भेटीत त्याने मुलाबद्दल काय काय विचारलं हेही आठवा. आधीच्या दुखापती, गेल्या सहा महिन्यांतली उंची, आठवड्यात किती ओव्हर टाकतो, किती वाजता झोपतो, परीक्षा कधी आहे, मुलगी असेल तर पाळी नियमित आहे का. यातलं काहीच न विचारता थेट वजन किती उचलतोस याकडे वळलेला माणूस मुलाचा विचार करत नाही.

एका प्रशिक्षकामागे आठ-दहा मुलं ठीक. पंचवीस असतील तर ती कवायत झाली. प्रत्येकाची वही असावी आणि त्या दिवशी काय केलं ते तिच्यात लिहिलेलं असावं. शिक्षणाचं म्हणाल तर बी.पी.एड., पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा, फिजिओथेरपीची पदवी किंवा स्ट्रेंथ प्रशिक्षणाचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, यांपैकी काहीतरी असावं, प्रथमोपचार येत असावेत. पण भिंतीवर फ्रेम आहे म्हणून वरच्या गोष्टी बघायच्या सोडू नका.

आणि काही गोष्टी दिसल्या की सरळ परत फिरा. पहिल्याच दिवशी ‘जास्तीत जास्त किती उचलतोस’ ही परीक्षा. उलटी होईपर्यंत पळवणं आणि त्याचं कौतुक. मुलाच्या जाडीवरून किंवा बारीकपणावरून सगळ्यांसमोर टोमणे. काउंटरवर पावडरचे डबे. ‘तीन महिन्यांत वेग दहा किलोमीटरने वाढवून देतो’ अशी हमी. ती कोणालाही देता येत नाही.

आठवडा साधारण कसा दिसावा?

दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. सोमवार-गुरुवार किंवा सोमवार-बुधवार-शनिवार. एका सत्राला तास पुरतो.

तेरा-चौदा वर्षांच्या, पूर्वी कधी व्यायाम न केलेल्या मुलासाठी मी असं सुरू करतो. दहा मिनिटं अंग गरम करणं. मग ताजं असतानाच उड्या: दोन पायांवर उडी मारून आवाज न करता उतरायचं आणि दोन सेकंद स्थिर राहायचं, पाच-पाच वेळा, तीनदा. त्यानंतर छातीशी हलकं डंबेल धरून बैठक, जमिनीवरचे किंवा बाकावर हात ठेवून जोर, कमी उंचीच्या आडव्या बारखाली झोपून छाती बारपर्यंत ओढणं, आणि पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकण्याचा व्यायाम. प्रत्येकाचे दोन ते तीन सेट, आठ ते बारा वेळा. शेवटी एका कुशीवर प्लँक (कोपर आणि पावलांवर अंग सरळ उचलून धरणं) आणि एकाच हातात वजन घेऊन सरळ चालणं. हे चालणं दिसायला किरकोळ वाटतं, पण अंग एका बाजूला झुकू न देण्याचं काम कमरेच्या बाजूचे स्नायू करतात, आणि गोलंदाजाला नेमकं तेच हवं असतं.

प्रत्येक सेट आणखी दोन वेळा जमलं असतं अशा ठिकाणी थांबवायचा. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. मुलांना ती नको असते, आपण द्यायची. ठरलेल्या वेळा सलग दोन सत्रांत नीट झाल्या, की वजन पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायचं. पाच-सहा आठवड्यांनंतर एका पायाचे व्यायाम, मेडिसिन बॉल (वजनदार चेंडू) भिंतीवर फेकणं, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणीतरी धरलेले असताना अंग सावकाश पुढे सोडणं) असं पुढचं घ्यायचं. नॉर्डिक सुरुवातीला तीन-चार वेळाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुलाला जिना उतरवत नाही.

रोज नवा व्यायाम देणारा कार्यक्रम मुलांना आवडतो. पण तीच बैठक दोन महिने करून तिच्यात तरबेज झालेल्या मुलाची ताकद जास्त वाढलेली असते.

आमच्या गावात तालीम आहे. जोर-बैठका, मल्लखांब पुरेसे नाहीत का?

तालीम असेल तर तुम्ही नशीबवान आहात. ज्या मातीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घडले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, त्या परंपरेत शरीर घडवण्याचं ज्ञान भरपूर आहे. मल्लखांब तर मी क्रिकेटच्या मुलांना आवर्जून सुचवतो. पकड, ओढण्याची ताकद, पोट आणि अंगावरचा ताबा एकाच वेळी मिळतो. हलका मुद्गल वस्तादांच्या देखरेखीखाली फिरवला तर खांद्यांसाठी चांगला.

दोन गोष्टी सांभाळा. शेकड्यांनी बैठका मारल्याने दम वाढतो, पण जास्तीत जास्त ताकद त्या प्रमाणात वाढत नाही, आणि वाढीच्या झपाट्यात गुडघे दुखणाऱ्या मुलाला तर शेकड्यांनी बैठका देऊच नयेत. शिवाय नुसत्या जोर-बैठकांमध्ये ढकलणं आणि गुडघ्यातून वाकणं येतं, ओढणं आणि कंबरेतून वाकून उठणं येत नाही. मल्लखांब किंवा दोरखंड चढणं जोडलं, एका पायाचे व्यायाम जोडले, की कार्यक्रम पूर्ण होतो. वस्तादांशी मोकळेपणाने बोला. क्रिकेटच्या मुलाला काय हवं हे समजावून सांगितलं, तर बहुतेक वस्ताद आनंदाने बदल करून देतात.

जवळपास जिमही नाही, तालीमही नाही. मग?

दप्तरात वाळूच्या पिशव्या भरा, झाली बैठकीची सोय. पाण्याची बादली एका हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारा. बादली अर्धी भरली की वजन कमी, काठोकाठ भरली की जास्त. शाळेच्या मैदानावरचा आडवा बार ओढण्यासाठी. पायरीवर टाचा वर-खाली करणं पोटऱ्यांसाठी. कौशल्य बघणारा डोळा मात्र हवा, म्हणून महिन्यातून एकदा क्रीडाशिक्षकांना मोबाइलवरचं चित्रण दाखवा, समोरून एक आणि बाजूने एक.

यूट्यूबवर मोठ्या खेळाडूंचे कार्यक्रम असतात. तेच करायला काय हरकत आहे?

तो कार्यक्रम त्या खेळाडूच्या पंधरा-वीस वर्षांच्या सरावानंतरचा असतो. व्यायाम नीट कसा करायचा हे बघायला व्हिडिओ जरूर वापरा. सेट आणि वजनं तिथून उचलू नका.

मुलींसाठी वेगळं काय?

व्यायाम तेच. मुलींना हलकं द्यायचं, ही समजूत सोडून द्या. उलट वयात आल्यानंतर उडी मारून उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे उतरण्याचा सराव आणि मांडीच्या मागची ताकद त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाची. दुसरं, देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. मुलगी लवकर दमते, धाप लागते, तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. आणि सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आलीच नाही, तर डॉक्टरांकडे जा. खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडं कमकुवत होतात.

प्रोटीन पावडर लागेल का? क्रिएटिन?

बहुतेक घरांत पावडर लागत नाही. पन्नास किलोच्या मुलाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, मोठा पेला दूध आठ, मूठभर शेंगदाणे सात. त्यात दोन्ही वेळची डाळ, मटकीची उसळ, दही, भाकरी, कधी मासे किंवा चिकन धरलं की हिशेब बसतो. शाकाहारी घरात पनीर, सोयाबीन आणि चणे मुद्दाम वाढवावे लागतात. अडचण बहुधा वेगळी असते: मूल सकाळी साडेपाचला चहा-बिस्किटावर मैदानावर जातं आणि दुपारी एकपर्यंत नीट खात नाही. तिथे केळं आणि शेंगदाण्याचा लाडू ठेवा.

क्रिएटिन या ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरक पावडरीवर बंदी नाही, पण १८ वर्षांखालच्या मुलांनी कामगिरी वाढवणारे पदार्थ घेऊ नयेत अशी बालरोगतज्ज्ञांची भूमिका आहे आणि मी तीच पाळतो. कोणत्याही डब्यात लेबलवर नसलेलं उत्तेजक सापडू शकतं. उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

इंजेक्शनबद्दल अगदी स्पष्ट लिहितो. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वाढवण्याचं औषध आहे. ते काही जिममध्ये ‘स्टॅमिना’च्या नावाखाली पोरांना दिलं जातं, आणि अशा बेकायदा विक्रीवर महाराष्ट्रात कारवाया झालेल्या आहेत. ते प्रतिबंधित उत्तेजक आहे आणि हृदयावर घातक परिणाम करू शकतं. मुलाच्या बॅगेत सिरिंज किंवा छोटी कुपी दिसली, तर रागावण्याआधी त्याच्याशी बोला, डॉक्टरांकडे न्या, आणि ती देणाऱ्याची तक्रार करा.

यंदा दहावी आहे. ऑफ-सीझन सोडून द्यावा का?

आठवड्यात दोन दिवस, पाऊण तास. एवढा वेळ दहावीच्या वर्षातही निघतो. झोप मात्र कापू नका. १३ ते १८ वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. क्लास रात्री नऊला सुटत असेल, तर पहाटेचं सत्र बंद करा आणि व्यायाम शनिवार-रविवार दुपारकडे न्या.

(एका खेळाडूचा प्रश्न) सर, माझ्या वयाच्या मुलाने किती वजन उचललं पाहिजे?

असा आकडा नाही रे. तुझ्या शेजारचा मुलगा वीस किलोने बैठक मारतो, कारण त्याची वाढ तुझ्या आधी झाली. तुझी होईल तेव्हा तूही मारशील. तू तुझी वही बघ. जुलैत सहा किलोने आठ वेळा, ऑगस्टमध्ये दहा किलोने आठ वेळा, आणि दोन्ही वेळा टाचा जमिनीवर, पाठ सरळ. पळताना दम कमी लागतोय का, वर्गात पेंगत नाहीस ना, कुठे दुखतंय का, हेही लिही. आणि दुखत असेल तर लपवू नकोस. निवड जवळ आली की तुम्ही लपवता, हे आम्हाला माहीत असतं.

सामने सुरू झाले की जिम बंद करायची का?

पूर्ण बंद केली तर मुलांची मिळवलेली ताकद साधारण दोन महिन्यांत बरीचशी ओसरते. आठवड्यात एक सत्र, अर्धा तास, वजनं तीच आणि सेट निम्मे, एवढं ठेवलं तरी बहुतेक टिकते. हे सत्र सामन्याच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधी.

गोलंदाजाचं परतणं मात्र ऑगस्टच्या मध्यापासूनच सुरू करा. पावसाळ्यात इनडोअर नेट बहुधा सिमेंटवर असतं आणि तिथे पायांना, पाठीला जास्त धक्का बसतो, म्हणून सुरुवात आखूड रनअपने: आठवड्यात तीन दिवस, एका वेळी १८ ते २४ चेंडू, पूर्ण जोर न लावता. दर आठवड्याला थोडे चेंडू वाढवा, आधी संख्या, मग रनअप, वेग सर्वात शेवटी. मैदान सुकलं की लगेच मातीवर या. अचानक वाढवलेल्या ओव्हरचा त्रास त्याच दिवशी जाणवत नाही, तो पुढच्या तीन-चार आठवड्यांत उघडा पडतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्याआधी प्रशिक्षकांना भेटून मुलाच्या चेंडूंची वही दाखवा आणि पहिल्या दोन सामन्यांत त्याला चार-पाच षटकांपेक्षा मोठा स्पेल देऊ नका, असं सांगून ठेवा.